बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधलं अवकाशयान

आमच्या लघुपटातला यानाचा मालकप्पा सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीतल्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये उभा राहिला. त्यासाठी जानेवारीच गाठावा लागतो. नवा बेदाणा फेब्रुवारीपासून यायला लागतो. तोवर जुना माल बराचसा सौद्यात निघून गेलेला असतो आणि एखादं चेंबर रिकामं मिळतं. पांढरे पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या भिंती), छताला टांगलेले मोठे पंखे, जाड सरकता दरवाजा आणि त्याच्या आत प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा. मुंबईत स्टुडिओचा फ्लोअर घेऊन हे उभं करायचं म्हटलं असतं, तर सगळे पैसे प्लायवूडातच गेले असते. रिकाम्या चेंबरला गंधकाच्या धुरीचा आणि गोडसर असा मिसळलेला वास असतो, पण तो कॅमेऱ्यात येत नाही.

भिंतींवरच्या नळ्या ठिबकच्या. १६ मिलिमीटरची लॅटरल म्हणजे पिकाच्या ओळीतून जाणारी नळी, एल्बो आणि टी हे तिचे जोड, जुना स्क्रीन फिल्टर, पाण्यात खत ओढणाऱ्या दोन व्हेंच्युरी आणि एक प्रेशर गेज. द्राक्षपट्ट्यात हे भंगारात किलोवर मिळतं. आधी मॅट काळा प्रायमर मारायचा आणि तो वाळला की जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवर चंदेरी रंग ओढायचा. कडा झिजल्यासारख्या दिसल्या की प्लास्टिक लोखंड वाटायला लागतं. चकचकीत स्प्रे मारला तर मात्र ठिबकची नळी ठिबकचीच दिसते.

पांढऱ्या भिंती ही सोय कमी आणि डोकेदुखी जास्त. एक दिवा लावला की उजेड चारी बाजूंनी उसळून परत येतो आणि चेहरा सपाट होतो. म्हणून फ्रेमबाहेरच्या तीन बाजूंना काळं मांजरपाट टांगलं. त्याच्या मागे घोंगडी लावली, कारण पत्र्याच्या भिंतींमुळे संवाद घुमत होते. घोंगडीने वरच्या पट्टीतला घुमारा मरतो, कॉम्प्रेसरची घरघर मात्र तशीच राहते.

प्रसंग कागदावर असा होता: यानाची वीज जाते, लाल दिवा फिरतो, सायरन वाजतो, दोघं अंतराळवीर हेल्मेट चढवतात आणि काय बिघडलं ते एकमेकांना समजावून सांगतात. दोन पानं आणि पाच अष्टमांश. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट धरलं, तर अडीच मिनिटांहून जास्त वेळ नुसती माहिती. थंडीचं शास्त्र तरी पक्कं होतं. १९७० च्या अपोलो १३ मोहिमेत वीज वाचवायला यंत्रणा बंद केल्यावर केबिनचं तापमान ३ अंशांपर्यंत उतरलं होतं आणि भिंतींवर दव साचलं होतं. आमचं चेंबर ४-५ अंशांवर होतं. म्हणजे तोंडातून निघणारी वाफ खरी, तिच्यासाठी संगणकाकडे जायची गरज नाही.

वाफ दिसायला दिवा पात्राच्या मागून हवा. समोरून उजेड टाकला तर ती दिसतच नाही. टेकच्या आधी गरम पाण्याचा घोट दिला की वाफ दाट येते, बर्फाचा खडा चघळायला दिला की जवळपास नाहीशी होते. एका शॉटमध्ये वाफ आणि पुढच्यात नाही, असं संकलनात चालत नाही, म्हणून थर्मास कायम कॅमेऱ्याशेजारी. हेल्मेटचा प्रश्न मात्र सुटत नव्हता. काच लावली की आतून लगेच धुकं धरतं आणि काच काढून ठेवली की वाफ बाहेर येऊन खोटेपणा उघडा पडतो.

सकाळी कोल्ड स्टोरेजच्या ऑपरेटरमामांशी पंख्यांचं ठरवून घेतलं.

"मामा, पंखे किती वेळ बंद ठेवता येतील?"

"ईस मिनटं. शेजारच्या चेंबरचं काय न्हाई, पण ह्याचं रीडिंग सातच्या वर गेलं तर शेठ मला इचारत्यात."

दरवाजा आतल्या मुठीने उघडतो का, हे त्यांनीच दोनदा करून दाखवलं. बाहेर एक माणूस कायम उभा आणि गारव्यासाठी नळ्यांतून फिरणाऱ्या अमोनियाचा वास आला की सामान तिथेच टाकून सगळ्यांनी बाहेर पडायचं. कोल्ड स्टोरेजमध्ये हे दोन नियम कॅमेऱ्याच्या आधी.

वजनरहित अवस्था दाखवायला फ्रेम छातीपर्यंतच ठेवली होती. नटी व्यायामाच्या मोठ्या चेंडूवर बसून मंद डुलत होती आणि पेन बारीक नायलॉनच्या दोऱ्याला लटकत होतं. टेक निम्म्यात असताना एमआयडीसीची लाईट गेली. आधी कॉम्प्रेसर थांबला. मग पंखे हळूहळू मंदावत गेले, त्यांचा आवाज पट्टी सोडत खाली उतरला आणि शेवटी पात्यांची नुसती खडखड उरली. कॅमेरा आणि रेकॉर्डर बॅटरीवर होते. चेहऱ्यावरची एलईडी पट्टीही ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर. कुणी 'कट' म्हणालं नाही. नटीने वर पाहिलं, श्वास सोडला आणि ती वाफ हललीच नाही. एरवी पंख्याच्या झोताने ती क्षणात विरायची, आता चेहऱ्यासमोर गोळा होऊन राहिली.

पटकथेची फाईल माझ्याच हातात होती. त्या पानांवर इतके शब्द खर्चून जे सांगायचं होतं, ते समोर घडत होतं, आणि शास्त्रही त्याच्याच बाजूचं. पृथ्वीवर गरम हवा हलकी म्हणून वर जाते आणि तिच्या जागी ताजी येते. वजनरहित अवस्थेत हा प्रवाहच नसतो. पंखा बंद असेल तर आपणच सोडलेला कार्बन डायऑक्साइड आपल्या तोंडाभोवती साचतो. आधी डोकं दुखतं, मग धाप लागते. अवकाश स्थानकात झोपायच्या जागीसुद्धा हवा खेळती ठेवावी लागते ती यासाठीच. तेव्हा यानातली वीज गेल्यावर घाबरायचं ते अंधाराला नव्हे, पंख्यांच्या थांबण्याला. सायरन वाजवला असता तर तोच आवाज दबला असता.

जेवणाच्या सुट्टीत पानं नव्याने लिहिली. सायरन गेला, लाल दिवा गेला, हेल्मेटं गेली. सगळी मिळून सव्वा पान उरलं आणि त्यात बोलायची तीनच वाक्यं. पंखे थांबतात. ती झोपलेल्या जोडीदाराकडे बघते, पुठ्ठ्याचा एक तुकडा उचलते आणि त्याच्या तोंडासमोर वारा घालत राहते. पुठ्ठा बेदाण्याच्याच बॉक्सचा, राखाडी रंग मारलेला. ती का वारा घालते हे प्रेक्षकाला तिथे समजावून सांगायचं नव्हतं, म्हणून आधीच्या, अजून चित्रित न झालेल्या प्रसंगात एक वाक्य घातलं: "पंख्याकडे तोंड करून झोप, किती वेळा सांगायचं?" तिथे ते रागावण्यासारखं वाटतं, अर्थ इथे लागतो. विज्ञानकथेत माहिती अशी आधी पेरता येते. संकट आल्यावर सांगायला बसलं की ते भाषण होतं.

लिहून झालं, पण दुपारी वेगळीच अडचण. एमआयडीसीची लाईट आली नव्हती आणि चेंबरचे दिवे जनरेटरवर होते. मॉनिटरवर मागच्या भिंतीवरून फिकट पट्टे सरकताना दिसायला लागले. कारण सरळ आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड, ठेवलं तर प्रत्येक फ्रेममध्ये उजेडाचे बरोबर दोन ठोके बसतात आणि काही दिसत नाही. जनरेटर ५१.५ हर्ट्झवर पळत असेल तर हा हिशेब चुकतो. शटर अंशांत बारीक बदलता येत असेल तर १८० (म्हणजे इथे १/५०) ऐवजी १७४.८ अंश केलं की दोन ठोके पुन्हा बसतात. पण जनरेटरवर भार बदलला की त्याचा वेगही बदलतो. कॉम्प्रेसर सुरू झाला आणि पट्टे परत आले. मग तो नाद सोडला. चेंबरचे सगळे दिवे बंद करून पूर्ण प्रसंग बॅटरीवर घेतला.

मीटरला ६० दिव्यांची पट्टी १४.४ वॅट खाते. पाच मीटर म्हणजे ७२ वॅट, १२ व्होल्टला ६ अँपिअर. यूपीएसमधली ७ अँपिअर-तासाची बॅटरी तासभरही पुरत नाही, थंडीत तर आणखी कमी. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर दिवस निघतो. बॅटरीच्या तोंडाशी १० अँपिअरचा फ्यूज लावायचा. पट्टीला एकाच टोकाने वीज दिली तर दुसरं टोक मंद आणि पिवळट पडतं, म्हणून दोन्ही टोकांना वायर द्यायची. उजेड कमी करायला बाजारातला स्वस्त डिमर लावायचा नाही. तो दिवा भराभर चालू-बंद करूनच मंद करतो आणि पट्टे पुन्हा हजर होतात. पट्टी कापून लहान करावी किंवा तिच्यावर बटर पेपरचे थर चढवावेत.

पंखे पुन्हा सुरू झाले होते, ते आता मुद्दाम बंद करायला मिळाले. मामा स्विचच्या पॅनेलपाशी, दरवाज्याबाहेरचा माणूस हात हलवून खूण करायचा. कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या सगळ्यांच्या स्वेटरच्या आतल्या खिशात, कारण गारठलेली बॅटरी पूर्ण संपायच्या आधीच मान टाकते.

काम संपल्यावर घाई नडते ती बाहेर पडताना. गरम जागेतून थंडीत जाताना लेन्सला काही होत नाही. उलट ५ अंशांवरचा कॅमेरा बाहेरच्या उबदार हवेत आणला की लेन्सवर आणि बॉडीच्या आतही दव धरतं. आतच जाड प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसकट कॅमेरा बंद करायचा, हवा दाबून काढायची आणि बाहेर आल्यावर तासभर पिशवी उघडायची नाही. कार्ड आधीच काढून घ्यावं, नाहीतर डेटा कॉपी करणारा पिशवीभोवती घिरट्या घालत बसतो.

पंख्यांचा आवाज वेगळा रेकॉर्ड केला: चालू असताना काही मिनिटं, मग थांबताना पूर्ण, मग बंद चेंबरची शांतता. चालू पंख्याचा आवाज एक सप्तक खाली आणला की यानाचा आवाज तयार. स्टुडिओतल्या स्पीकरवर तो छान भरून यायचा, मोबाईलवर मात्र ऐकूच येईना. मोबाईलचा स्पीकर १०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काहीच वाजवत नाही आणि लघुपट बहुतेकांनी मोबाईलवरच बघायचा. पंखा ऐकूच आला नाही, तर तो थांबल्याचं कळणार कसं? म्हणून खाली आणलेल्या आवाजावर मूळ रेकॉर्डिंगमधला २०० ते ४०० हर्ट्झचा भाग हलका मिसळला आणि पहिल्या प्रसंगापासून तो सतत चालू ठेवला.