एक्यूआय वाचताना पीएम २.५ कडे का पाहावे

दिवाळी सरली की मुंबईत 'आज एक्यूआय (हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक) किती?' अशी विचारणा घरोघरी सुरू होते. माझ्या वडिलांना दमा असल्यामुळे मीही हा आकडा रोज पाहते. मात्र तो कसा ठरतो, हे समजून घेतल्याशिवाय त्यावर विसंबू नये, असे मला ठामपणे वाटते.

२०१५ पासून वापरात असलेल्या राष्ट्रीय वायू गुणवत्ता निर्देशांकात आठ प्रदूषके धरली जातात, पण त्यांची सरासरी काढली जात नाही. प्रत्येकाचा उपनिर्देशांक वेगळा काढतात आणि त्यांतला सर्वांत वाईट तोच त्या ठिकाणचा निर्देशांक ठरतो. त्यामुळे सल्फर डायऑक्साइड किंवा कार्बन मोनॉक्साइड मर्यादेत असले, तरी एकट्या पीएम २.५ मुळे, म्हणजे हवेतल्या अडीच मायक्रॉनहून बारीक कणांमुळे, हवा 'खराब' ठरू शकते. हे योग्यच आहे. खिडकीवरून बोट फिरवल्यावर हाताला लागते ती बहुतांशी जाड धूळ. हे बारीक कण मात्र कित्येक दिवस तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर थेट फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात.

खरी अडचण मोजपट्टीत आहे. घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम पीएम २.५ असताना निर्देशांक १०० येतो आणि हवा 'समाधानकारक' म्हटली जाते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ मधील चोवीस तासांची शिफारस मात्र १५ मायक्रोग्रॅमची आहे. पुढे ६० चे ९० झाले की निर्देशांक थेट २०० वर जातो, परंतु १२० पासून २५० पर्यंतची प्रचंड वाढ ३०० ते ४०० या शंभर अंकांतच बसवलेली आहे. म्हणजे ३१० आणि ३९० हे दोन्ही आकडे 'अतिशय खराब' याच श्रेणीत येत असले, तरी त्यांच्यात शंभराहून अधिक मायक्रोग्रॅमचे अंतर असते.

शिवाय पीएम २.५ चा उपनिर्देशांक चोवीस तासांच्या सरासरीवर काढतात. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची थंड हवा प्रदूषण दाबून धरते आणि दुपारी समुद्रावरचा वारा ते पांगवतो. सरासरीत ही पहाट दिसेनाशी होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या दैनिक बुलेटिनमध्ये आकड्याबरोबर प्रमुख प्रदूषकही दिलेले असते. तेथे पीएम २.५ दिसले, की वडिलांचे फिरणे आम्ही सकाळऐवजी दुपारी चारनंतर ठेवतो.