सवड नाही

रिसेप्शनवरची मुलगी दार ढकलून आत आली. "मॅडम, सात नंबरचा पेशंट आपल्या पंख्याचा रेग्युलेटर खोलून बसलाय. आणि रडतोय."

बाहेर जाऊन पाहिलं तर खरंच. खिशातला टेस्टर काढून गडी उभ्या उभ्या बोर्डाशी झटत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हात थांबत नव्हते आणि तोंडही थांबत नव्हतं. तो पंखा दोन महिने एकाच स्पीडवर अडकला होता आणि आमचा इलेक्ट्रिशियन "उद्या येतो" म्हणत होता. यानं पाच मिनिटांत तो सुरू केला, मग शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत आत येऊन बसला.

"मरायचंय ओ मॅडम. पण सवडच न्हाई."

(त्याच्या परवानगीनं लिहितेय. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

वय 38. उसाच्या पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी मोटर रिवाइंडिंगचं दुकान. महिन्याभरापूर्वी बायकोनं पहिल्यांदा आणला तेव्हा मान वर करत नव्हता. दुकान बंद, जेवण बंद, सगळी उत्तरं बायकोच द्यायची. त्याआधी गावातल्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या आणि "टेन्शन घेऊ नका" हा सल्ला दिला होता. हा सल्ला कुणाला लागू पडलेला मी अजून पाहिलेला नाही. पीएचक्यू-9, म्हणजे नैराश्य मोजायची प्रश्नावली, त्यात 27 पैकी गुण आले 19. थायरॉइड नॉर्मल. एसिटालोप्रॅम ही नैराश्यावरची गोळी, 10 मिलिग्रॅम, लिहिली. तीन आठवड्यांनी आला तो जरा बोलायला लागलेला, पण बेचैन. झोप तीन तास. माझ्या कागदावर माझ्याच अक्षरात लिहिलंय, "घबराट वाढली आहे, डोस 20." त्या दिवशी ओपीडीत 64 पेशंट होते. हे कारण म्हणून सांगत नाही, तसं होतं एवढंच.

आता त्याला बारा दिवस झाले होते. यावेळी सोबत मोठा भाऊ. "रात्री दोनला उठून दुकान झाडतोय. पोरांवर खेकसतोय. मग कोपऱ्यात बसून रडतोय. मॅडम, रडतोय म्हंजे डिप्रेशन, बडबडतोय म्हंजे येडं. दोन्ही एकदम कसं?"

प्रश्न चोख होता. एमडीच्या तोंडी परीक्षेत यापेक्षा बावळट प्रश्न विचारतात.

मी आधी पायांबद्दल विचारलं. या गोळ्यांनी कधीकधी अकथीझिया होतो: पाय जागेवर ठरत नाहीत, माणूस येरझाऱ्या घालतो आणि आपण त्यालाच मानसिक अस्वस्थता समजून औषध वाढवत बसतो. पण त्याचे पाय शांत होते. धावत होतं ते डोकं. मग झोप. "झोप येत नाही" आणि "झोप लागत नाही पण चालतंय" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला सकाळी पिळलेल्या फडक्यासारखा येतो. हा तीन तास झोपून आमचा पंखा दुरुस्त करत होता. शेवटी विचार. नुसत्या नैराश्यात तोच एक विचार घाण्याच्या बैलासारखा फिरतो: मी नालायक, मी नालायक. याचे विचार गोल फिरत नव्हते, एकमेकांना ढकलत होते. कर्ज, मुलीची फी, नवीन शेड टाकायची, मेलेलं बरं, शेडला पत्रा कुठला, आईला काय सांगायचं, मेलेलं बरं. सगळं काळंकुट्ट, आणि सगळं पळतं.

"मॅडम, थ्री-फेजमधला एक फेज गेला की काय होतं ठाऊक हाय? मोटर फिरत न्हाई, पण घुमत ऱ्हाती. आतनं तापती. कुणी स्टार्टर पाडला न्हाई तर वाइंडिंग जळतं. तसं झालंय."

क्रेपेलिन या जर्मन मानसोपचारतज्ज्ञानं 1899 मध्ये जवळजवळ हेच लिहिलं होतं, मोटर वगळून. भावना, विचार आणि हालचाल हे तीन वेगळे प्रवाह धरायचे. तिन्ही चढले की मॅनिया, म्हणजे उन्माद; तिन्ही उतरले की डिप्रेशन. पण ते एकत्रच चढतील-उतरतील असं कुणी सांगितलंय? भावना खाली, बाकीचे दोन वर, अशा जोड्या लावल्या की शुद्ध दोन सोडून सहा मिश्र अवस्था उरतात. एवढं स्वच्छ सांगून ठेवलेलं असताना 1994 च्या डीएसएम-4 नं (डीएसएम म्हणजे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची निदानाची नियमावली) मिश्र अवस्थेसाठी अट घातली की मॅनिया आणि डिप्रेशन दोन्ही पूर्णपणे, आठवडाभर, जवळजवळ रोज दिसले पाहिजेत. असा पेशंट मिळायचाच नाही, म्हणून रेसिडेन्सीत आम्ही हे निदान क्वचितच लिहिलं. 2013 च्या डीएसएम-5 नं ती अट काढली, विरुद्ध बाजूची तीन लक्षणं पुरे म्हटलं. पण मोजताना चिडचिड, अस्वस्थ हालचाल आणि लक्ष उडणं ही तीन वगळली, कारण ती दोन्हीकडे दिसतात. तर्क मला कळतो. पण मिश्र अवस्थेतला माणूस खुर्चीत येऊन बसतो तेव्हा सगळ्यात आधी दिसतात ती हीच तीन! डॉक्टरनं डोळे मिटून निदान करावं असं बहुधा त्यांचं म्हणणं असावं. ती सोडूनही याच्याकडे चार भरली: बडबड, विचारांची पळापळ, कामाचा जोर, कमी झोपेत भागणं. आणि पीएचक्यूत यांतलं एकही सरळ विचारलेलं नाही. मी माणूस तराजूत घातला होता, पण एकाच पारड्यात.

खात्रीसाठी एका वरिष्ठ मित्राला फोन केला. "अ‍ॅजिटेटेड डिप्रेशन. क्लोनाझेपाम घाल, चार दिवसांत खाली बसेल." म्हणजे नुसतं अस्वस्थ नैराश्य, त्याला शांत करणारी गोळी. पेशंट समोर नसला की निदान फार सोपं असतं. मी त्याचं ऐकलं नाही. बारा दिवसांपूर्वी मी स्वतःचंही ऐकायला नको होतं. भीती वेगळीच होती. खोल नैराश्यात माणसाला मरावंसं वाटलं तरी उठायचं बळ नसतं. याला मरावंसंही वाटत होतं आणि बळही होतं. ते बळ वाढवण्यात माझ्या 20 मिलिग्रॅमचा हात असू शकत होता.

एसिटालोप्रॅम त्याच दिवशी बंद. जिल्ह्याच्या ठिकाणी ओळखीच्या डॉक्टरांकडे भरती. सही त्यानं स्वतः केली. भावाला बजावलं, एक मिनिट एकटं सोडायचं नाही, दुकानाची किल्ली तुमच्याकडे. कागदामागे टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416 लिहून दिला. तिथं रात्री ओलान्झापिन, यकृताच्या तपासण्या पाहून व्हॅल्प्रोएट; दोन्ही चढलेलं डोकं खाली आणणारी औषधं. बाई असती तर व्हॅल्प्रोएटला हात लावण्याआधी दहादा विचार करावा लागला असता, कारण ते गर्भाला घातक. नऊ दिवसांत झोप सात तासांवर आली आणि त्याच्या शब्दांत "घुमायचं थांबलं". शॉक देणार का, हे भावानं चारदा विचारलं. गरज पडली नाही. पडली असती तर मी नको म्हटलं नसतं.

पाच आठवड्यांनी नवरा-बायको दोघं आले. पहिल्या भेटीत मॅनियाचा माग काढायला मी रीतसर विचारलं होतं, "आधी कधी खूप आनंदी, खूप उत्साही असा काळ?" दोघांनी "न्हाई" म्हटलं होतं. आता प्रश्न बदलला. "कधी कमी झोपून दुप्पट काम केलंय?"

"दर सीझनला," तो हसला. "उन्हाळ्यात झोपतंय कोण? मोटरींची रांग लागती दारात."

मी लिहायला लागले, तशी बायको म्हणाली, "मागल्या वर्षीचं सांगा की." तो गप्प. मग तीच सांगू लागली. पंधरा दिवस रात्रभर दुकान उघडं, दोन पोरं नवीन कामाला, उधारीवर जुनी पिकअप. गिऱ्हाईक नसलं तर भंगारातल्या मोटरी आणून त्यांचं वाइंडिंग भरत बसायचे.

"पण तो सीझनच ना?" मी विचारलं.

"सीझन कुठला, मॅडम? श्रावण होता. श्रावणात कुणाच्या मोटरी जळत्यात?"