दहा मिनिटांचं काम आणि अख्खा रविवार

रविवारी अंबडला मामांच्या वर्कशॉपवर गेलो, मिसळ खाऊन निघालो होतो, म्हटलं दहा मिनिटांचं काम आहे. ड्रिलिंगच्या फिक्स्चरची (भोक पाडताना जॉब धरून ठेवतं ते) असेंब्ली, म्हणजे सुटे भाग जोडलेलं डिझाइन, घरी उबुंटू २४.०४ वर फ्रीकॅड १.० (थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर) मध्ये केलेली, मामांच्या पीसीवर डेबियन १२ (दोन्ही लिनक्सच), फक्त फ्रीकॅड टाकायचं आणि फाइल दाखवायची.

एपीटीने (डेबियनचं सॉफ्टवेअर टाकायचं टूल) एका कमांडमध्ये टाकलं, पण आलं ते ०.२०.२. फाइल उघडली तर असेंब्लीचा पत्ताच नाही. असेंब्ली वर्कबेंच (भाग जोडायचा विभाग) फ्रीकॅडच्या आत आलं १.० पासून, ०.२० ला ते कळणार कुठून! माझ्याकडे १.० स्नॅपने (उबुंटूची अॅप टाकायची वेगळी पद्धत) आलेलं होतं हे मी साफ विसरलेलो. आणि डेबियन स्टेबल (त्यांची पक्की आवृत्ती) एकदा निघालं की व्हर्जन शक्यतो हलवत नाहीत, सिक्युरिटीचे फिक्स तेवढे देतात, त्यात चूक काही नाही.

मग केला शहाणपणा. उबुंटूच्या नव्या आवृत्तीच्या डेब फाइली (सॉफ्टवेअरची पॅकेजं) उतरवल्या, दोन्हीकडे डेबच तर आहे ना! त्या बसवणाऱ्या डीपीकेजीने हा भला मोठा रडगाण्याचा पाढा वाचला, लिबसी६, म्हणजे जवळपास सगळे प्रोग्रॅम जिच्यावर चालतात ती मूळ लायब्ररी, २.३८ पाहिजे (डेबियन १२ मध्ये २.३६), आणि लायब्ररींच्या नावांना शेवटी टी६४ लागलेलं, त्या नावाचं पॅकेज इथे नाहीच. थेट उबुंटूची रिपॉझिटरी (पॅकेजांचं कोठार) जोडायचा मोह झाला होता, मित्राला फोन केला तर तो ओरडलाच, "लिबसीला हात लावू नको, फाइलींची यादी दाखवणारं साधं एलएस पण चालणार नाही नंतर." एपीटीच्या फिक्स-ब्रोकनने अर्धवट पडलेल्या पॅकेजांची घाण साफ केली.

शेवटी फ्लॅटपॅक (वेगवेगळ्या लिनक्सवर चालणारी अॅप टाकायची पद्धत) टाकलं, फ्लॅटहब (त्याचं अॅपचं दुकान) जोडलं, फ्रीकॅड तिथून घेतलं. अॅपसोबत त्याचा स्वतःचा रनटाइम (लागणाऱ्या लायब्ररी) येतो म्हणून खालचा लिबसी कुठला याची फिकीर नाही, पण डाउनलोड केवढं ते! मामांचा हॉटस्पॉट निम्म्यात संपला, मग माझा लावला. संध्याकाळी भावाच्या फेडोरावर (आणखी एक लिनक्स) हेच केलं, तिथे फ्लॅटपॅक आधीपासूनच होतं, पाच मिनिटांत झालं.

घरी पोचतो तर मामांचा फोन, "अरे, पुन्हा उघडत नाही बघ." मेन्यूत फ्रीकॅड दोनदा दिसतंय आणि मामा जुन्यावरच क्लिक करतायत. फोनवर एकेक अक्षर सांगून जुनं एपीटीने काढायला लावलं.