जर्मन ॲडव्हान्सचे 700 युरो

माझ्या कादंबरीच्या जर्मन अनुवादाच्या हक्कांचे पैसे परवा बँकेत जमा झाले आणि मी पहिला फोन आईला केला. करारात ॲडव्हान्सचा, म्हणजे रॉयल्टीपोटी आगाऊ मिळणाऱ्या रकमेचा, आकडा होता 2,000 युरो. हातात आले 700. मधलं काय झालं, हे लिहिणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवं.

भारत-जर्मनी या दोन देशांमधल्या कर-करारानुसार रॉयल्टीवर 10 टक्के कर तिकडेच कापला गेला: 200. (तो इथल्या रिटर्नमध्ये दाखवता येतो, कागद जपून ठेवा.) एजंटचे 20 टक्के, म्हणजे 400. ती रक्कम मला मुळीच खुपली नाही. जर्मन प्रकाशकाच्या दारापर्यंत एजंटच पोचली होती. उरलेल्या 1,400 मधले निम्मे माझ्या मूळ प्रकाशकाचे, कारण दहा वर्षांपूर्वी पुस्तक निघतंय या आनंदात ‘अनुवादाचे हक्क’ हे कलम न वाचताच मी सही केली होती. याचं मात्र वाईट वाटतं.

पुढची रॉयल्टी ॲडव्हान्स वळता झाल्यावरच, म्हणजे माझ्या वाट्याच्या रॉयल्टीतून ते 2,000 युरो भरून निघाल्यावरच. पुस्तकाची किंमत 22 युरो, माझे 6 टक्के, म्हणजे प्रतीमागे 1.32. साधारण 1,515 प्रती खपायला हव्यात.

नव्या कादंबरीच्या करारात मी प्रकाशकाला फक्त मराठीचे हक्क दिलेत, तेही सात वर्षांसाठी.