तुम्ही विचारलंत म्हणून: शिकवताना धाकट्याचं काय करता?

"मोठीला घरी शिकवता ते ठीक, पण तेव्हा धाकटा काय करतो?" जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे हाच प्रश्न. काहींना उत्तर खरंच हवं असतं, कारण घरात तसलंच एक पोर असतं. बाकीच्यांना 'जमत नाही' एवढंच ऐकायचं असतं. दोघांनाही एकदाच सांगते: कधी जमतं, कधी नाही.

दोन-अडीच वर्षांचं मूल एका जागी गुंततं ते फार तर दहा-बारा मिनिटं. त्यामुळे धडा मोठीच्या पुस्तकाप्रमाणे नाही, धाकट्याच्या दमाप्रमाणे तोडावा लागतो. आधी पंधरा मिनिटं पूर्ण त्याची. पोट भरलेलं, शी-शू झालेली, मांडीवर बसून हवं ते, माझा फोन दुसऱ्या खोलीत. मग त्याची पिशवी काढायची आणि मोठीची वही उघडायची. उलटं केलं, म्हणजे 'आधी गणित, मग तुझ्याशी खेळते', तर तो पाचव्या मिनिटाला वहीवर बसतो. अक्षरशः वहीवर.

पिशव्या पाच आहेत, जुन्या चादरीच्या शिवलेल्या. एका दिवशी एकच, आणि तो कंटाळायच्या आत ती उचलायची. एकदा कंटाळून फेकलेली वस्तू पुढे कितीतरी दिवस कामाची राहत नाही. सगळ्यात जास्त चालणारी पिशवी फुकटची आहे: शेजारच्या अक्कांच्या मागावरचे, सूत गुंडाळायचे रिकामे कोन. पुठ्ठ्याचे, एकात एक बसणारे, दहा-बारा. मनोरा होतो, भोंगा होतो, टोपी होते. फक्त उरलेलं सूत आधी पूर्ण सोलून टाका, लांब धागा बोटाला आवळला जातो, गळ्यालाही. चावून ओले झालेले कोन टाकून द्यायचे. दुसरी पिशवी टॉवेलच्या कापलेल्या पट्ट्यांची. प्लास्टिकच्या बरणीच्या झाकणाला भोक पाडून कडा घासून घ्यायच्या. पट्ट्या आत कोंबणं आणि ओढून काढणं, यात त्याची दहा मिनिटं आरामात जातात. स्टीलचे डबे-झाकणंही उत्तम, पण श्रुतलेखनाच्या दिवशी नाही.

पिठाचा गोळा बऱ्याच जणी विचारतात. ज्वारीचं पीठ गार पाण्यात मळलं तर गोळा लगेच चिरतो. उकळतं पाणी घालून उकड काढली तर टिकतो. कणकेचा सरळ टिकतो, वाटीभर कणकेला चमचाभर तेल. आपल्या उन्हाळ्यात दुपारपर्यंत तो आंबतो, तेव्हा उद्यासाठी ठेवायचा मोह नको. मीठ घालून टिकाऊ करतात तो मी करत नाही. हा प्रत्येक गोळ्याची चव घेतो, आणि तेवढं मीठ त्याच्या पोटात जायला नको.

पाण्याचे खेळ सुचवणाऱ्यांनी सोलापुरात राहून बघावं. नळाला पाणी रोज येत नाही, आणि येतं त्या दिवशी पिंपं, कळशा, बादल्या. त्या दिवशी नवं काही शिकवायचं नाही. मोठी ओट्याशी बसून मोठ्याने धडा वाचते, मी भरत राहते. भरलेलं प्रत्येक भांडं झाकणाखाली किंवा कडी लावलेल्या दाराआड. एवढं मूल दोन इंच पाण्यातही बुडू शकतं. डोकं जड असतं, वाकलं की तोल जातो आणि आवाजसुद्धा होत नाही.

पाढे, कविता, चौथीच्या इतिहासातले शिवाजी महाराज, हे सगळं तो मांडीवर असताना चालतं. भागाकार चालत नाही. का, ते शेंगदाण्यांमुळे.

तेव्हाची मी सगळ्यांना छाती फुगवून सांगायचे, "वेगळं काही लागत नाही, मोठीचंच साहित्य त्यालाही थोडं द्यायचं." त्या दिवशी 84 भागिले 7 होतं. मोठीपुढे सात वाट्या आणि दाणे, बावीस महिन्यांच्या धाकट्यापुढे ताटलीत मूठभर शेंगा. मधेच तो जोरात खोकला. मोठी म्हणाली, "आई, त्याने दाणा खाल्ला." मी म्हणाले, "तू वाट्यांकडे बघ." खोकला थांबला. गिळला असेल, असं मीच ठरवलं.

तिसऱ्या दिवशी श्वासात शिट्टी. सर्दीचं औषध झालं. एक्स-रे स्वच्छ आला, कारण दाणा एक्स-रेत दिसत नाही. शेवटी एका डॉक्टरांनी छातीच्या दोन्ही बाजू नीट ऐकल्या. उजवीकडे हवा कमी जात होती. भूल देऊन दुर्बीण घातली आणि अर्धा दाणा निघाला. श्वासनळीची उजवी शाखा जास्त रुंद आणि सरळ असते, म्हणून वस्तू बहुधा तिकडे जाते. दाणा आत ओलाव्याने फुगतो, त्याच्या तेलाने भोवताली सूज येते. खोकला थांबला म्हणजे दाणा बाहेर आला असं नसतं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. पण मोठीने सांगितलं होतं.

एवढ्या लहानांच्या मागच्या दाढा पुऱ्या आलेल्या नसतात. दाणा दळला जात नाही, नुसता तुटतो. चार वर्षांपर्यंत अख्खे दाणे, फुटाणे नकोतच. कूट चालतं. चटणीही चालते, तिखट सोसत असेल तर. वर्षावरचं मूल गुदमरलं आणि जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच फुटेना तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा, मग बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाब, आलटून पालटून, आणि दुसऱ्या कुणाला तरी मदतीला पाठवा. न दिसणारी वस्तू बोटाने शोधू नका, आणखी आत जाते. पिशवीत भरण्याआधी प्रत्येक वस्तू मी आता 40 मिलिमीटरच्या पाइपच्या तुकड्यातून टाकून बघते. आरपार गेली तर बाद.

"मग शाळेतच घाला की," हे पुढचं वाक्य मला पाठ आहे. शाळेतून आल्यावर गृहपाठ असतोच, आणि शेंगदाणे सोलापुरात कुठल्या घरात नसतात? हे मी तोंडावर म्हणते खरी. रात्री मात्र तेच वाक्य मीच मला विचारते, आणि तेव्हा हे उत्तर पुरत नाही. मोबाइलबद्दलही लपवत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा वीस मिनिटं देते, पूर्वी देणाऱ्यांना नावं ठेवायचे तरी.

मोठी आता गणित करताना दर ओळीनंतर मान वर करून भावाकडे बघते. मी टोकत नाही. भागाकार तिने त्याच्या दुपारच्या झोपेत करायचा, पाटीवर रेघा मारून, असं ठरलंय. पण पंधरा दिवस झाले, त्याने दुपारचं झोपणं सोडलंय.