उल्हासकाठचं नवं घर आणि पुराचा विमा

मेअखेर, रात्री

पावसाळा तोंडावर आला. बदलापूरला उल्हासच्या अंगाने ज्या नव्या सोसायट्या उभ्या राहिल्या, तिथे ताबा घेतलेल्या घरांमध्ये सध्या एकच चर्चा आहे: पुराचा विमा काढायचा की नाही? प्रश्न असा मांडला की उत्तरही चुकतं. पुरासाठी निराळी पॉलिसी शोधायची गरजच नाही. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही ठरावीक नमुन्याची घरविमा पॉलिसी आली. तिच्यात आग, भूकंप, वीज, वादळ यांच्या जोडीला पूर आणि पाणी तुंबणं मुळातच धरलेलं आहे. ठरवायचं ते इतकंच, की विमा किती रकमेचा आणि कोणाच्या नावाने. माझ्या मते यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि तिच्याकडेच कोणी बघत नाही.

आधी नदी. उल्हास खंडाळ्याच्या डोंगरातून उतरते आणि कर्जत, नेरळ, वांगणी करत बदलापूरला येते. मुख्य प्रवाहावर पूर अडवून धरील असं मोठं धरण नाही. घाटात रात्री पडलेला पाऊस सकाळी हेंद्रेपाडा, रमेशवाडीत येतो, मग बदलापुरात ऊन असलं तरी. बदलापूरच्या बॅरेजजवळ (पाणी उचलण्यासाठीचा बंधारा) इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोका पातळी १७.५० मीटर धरतात. २६ जुलै २००५ लोकांच्या लक्षात आहेच. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारच्या आसपास प्रवासी बोटींनी काढावे लागले. रेल्वेचा भराव सभोवतालच्या शेतांपेक्षा उंच असतो, तरी ही गत झाली. बाजूच्या भातखाचरांवर उभ्या राहणाऱ्या इमारतींनी हे ध्यानात ठेवायला हवं.

पूररेषांबद्दलही मोठा गैरसमज आहे. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा यात बांधकामाला मनाई, निळी ते लाल यात अटींसह परवानगी. 'शंभर वर्षांतून एकदा' ऐकलं की माणूस निर्धास्त होतो. पण त्याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता, असा आहे. गृहकर्ज २० वर्षांचं असेल तर त्या मुदतीत निदान एकदा तरी तो पूर येण्याची शक्यता १८ टक्के होते. निळ्या रेषेवर हाच हिशेब केला तर ५६ टक्के. अर्ध्याहून जास्त! आणि जुनी रेषा आखल्यानंतर शेजारी भराव पडले असतील, नाले अरुंद झाले असतील, तर खरी शक्यता याहूनही वर जाते.

रेषा कुठे पाहायची? नगरपरिषदेच्या नगररचना विभागात विकास आराखड्याच्या नकाशावर. तिथे दाद लागली नाही तर जलसंपदा विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज करायचा. बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा मंजूर लेआउट असतो, त्यात जोत्याची पातळी शोधायची. गाव नकाशावर जुना ओढा कुठून जात होता ते बघायचं आणि आज तिथे किती रुंदीची मोरी आहे ते जाऊन बघायचं. गुगल अर्थवर जुनी छायाचित्रं वर्षवार दिसतात, भराव कधी पडला ते त्यात लगेच कळतं. शेवटी जवळच्या जुन्या घरातल्या माणसांना विचारायचं की २००५ ला पाणी कुठवर होतं. भिंतीवर हात ठेवून दाखवतात. ही खूण कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा भरवशाची.

दुसऱ्या दिवशी, सकाळी

काल भरावाबद्दल अर्धंच लिहिलं. बिल्डर दीड-दोन मीटर भराव टाकून प्लॉट उचलतो, तेव्हा प्लॉट वाचतो पण रस्ता खालीच राहतो, आणि आधी त्या खाचरात साचणारं पाणी शेजाऱ्याकडे जातं. पुढच्या वर्षी शेजारीही भराव टाकतो. मग पहिल्या इमारतीचा कोरडेपणा फार दिवस टिकत नाही.

'आम्ही चौथ्या मजल्यावर आहोत, आम्हाला काय' हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. चौथ्या मजल्यावर पाणी येणार नाही, खरं. पण तळमजल्याच्या पार्किंगमध्ये काय काय असतं ते मोजावं: विजेचे मीटर आणि मुख्य पॅनेल, लिफ्टचा खड्डा, पाण्याचे पंप, जमिनीखालची टाकी, सांडपाणी प्रकल्पाचे ब्लोअर, जनरेटर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर. कमरेएवढ्या पाण्यात यातलं सगळं जातं. टाकीत ड्रेनेजचं पाणी मिसळलं तर ती उपसून, घासून, निर्जंतुक केल्याशिवाय पाणी चढवता येत नाही. या सगळ्याची मालकी सोसायटीची, म्हणजे चौथ्या मजल्याचीही. वैयक्तिक पॉलिसीत आपला फ्लॅट येतो, सोसायटीचा पंप येत नाही.

म्हणून इमारतीचा विमा सोसायटीने काढावा आणि सामानाचा प्रत्येकाने. सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (कारभाराचे नियम) इमारतीचा आग आणि भूकंप यांसाठी विमा आवश्यक आहे; पूर त्यात शब्दाने आलेला नाही. जुन्या धाटणीच्या अग्निविमा पॉलिसीत हप्ता कमी करायला 'वादळ, पूर, जलमयता' हा भाग काढून टाकता येत असे. एजंट स्वस्त कोटेशन देतो तेव्हा तोच भाग गेलेला असू शकतो. पॉलिसीच्या शेड्यूलवर (तपशिलाच्या पानावर) 'एसटीएफआय' ही याच भागाची इंग्रजी आद्याक्षरं शोधावीत, आणि तिथे वगळलं असं लिहिलेलं नाही ना, ते पाहावं. सोसायटी अजून नोंदली नसेल तर हा विषय बिल्डरकडे लेखी मांडावा, कारण त्याचा बांधकामाचा विमा काम पूर्ण होऊन ताबा दिला की संपतो.

जुन्या पॉलिसीतली दुसरी खाच म्हणजे कमी रकमेचा विमा. इमारत पुन्हा बांधायला १२ कोटी लागणार आणि विमा ६ कोटींचा असेल, तर १० लाखांच्या नुकसानीला ५ लाखच मिळतात. गृह रक्षा पॉलिसीत ही कपात नाही, आणि कंपाउंड भिंत, अंतर्गत रस्ते, पार्किंग, पाण्याच्या टाक्या इमारतीतच धरल्या जातात. सोसायटीने तीच मागावी.

आता स्वतःच्या घराचा आकडा. बाजारभाव इथे कामाचा नाही, कारण त्यात जमिनीची किंमत असते आणि जमीन वाहून जात नाही. कार्पेट क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर. ५५० चौरस फूट, दर अडीच हजार धरला तर १३ लाख ७५ हजार. घरसामानाला याच्या २० टक्के संरक्षण आपोआप मिळतं, कमाल मर्यादा १० लाख. म्हणजे इथे २ लाख ७५ हजार. फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही, पलंग, सोफा, कपडे मांडून बघितलं की तळमजल्यावरच्या किंवा पहिल्या मजल्यावरच्या घराला हे अपुरं पडतं. तिथे यादी देऊन रक्कम वाढवून घ्यावी. मॉड्युलर किचन आणि भिंतीत बसवलेली कपाटं इमारतीत मोडतात, म्हणून त्यांचा खर्च इमारतीच्या रकमेत घालावा. दागिन्यांसाठी निराळं कव्हर आहे. रोख रकमेला काहीच नाही. छताची गळती, हळूहळू आलेली ओल, सदोष बांधकाम हेही नाही. घर राहण्यायोग्य नसेल तेव्हाचं पर्यायी भाडं मात्र मिळतं, हे अनेकांना माहीत नसतं.

बँकेने कर्जासोबत 'विमा दिलाय' म्हटलं तर कागद उघडून बघावा. पुष्कळदा तो कर्जदाराच्या जिवाचा असतो, घराचा नसतो. घराचा असलाच तर त्यात सामान असेलच असं नाही.

पार्किंगमधल्या गाड्यांचा घरविम्याशी संबंध नाही. मोटारीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत पूर असतो, पण पाण्यात उभी गाडी सुरू केली आणि पाणी सिलिंडरमध्ये ओढलं जाऊन इंजिन बसलं, तर तो खर्च 'इंजिन प्रोटेक्ट' जोडणीशिवाय सहसा मिळत नाही. पाणी उतरल्यावर चावी फिरवूच नये. बॅटरीची तार काढावी आणि गाडी ओढून न्यावी.

दाव्याच्या वेळी लोक घाईने साफसफाई करतात, आणि तिथेच पैसे जातात. आधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे, प्रत्येक वस्तूचे आणि तिच्या अनुक्रमांकाच्या पट्टीचे फोटो काढावेत. कंपनीला त्याच दिवशी कळवावं. नुकसान तपासणारा सर्व्हेअर येईपर्यंत बिघडलेला पंप भंगारात देऊ नये. तलाठ्याचा पंचनामा झाला तर त्याची प्रत घ्यावी. सगळ्या वस्तूंची बिलं आजच मोबाइलवर उतरवून ईमेलमध्ये ठेवावीत, कारण पुरात कागदच आधी भिजतात. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे. तिथे फी नाही.

घरच्या पॉलिसीचा हप्ता बहुतेक वेळा वर्षाला हजार रुपयांच्या अलीकडे-पलीकडे येतो. एवढ्या खर्चात लाल रेषेच्या आत राहणाऱ्याने विमा टाळण्याचं कारण मला दिसत नाही. रेषेच्या बाहेर, उंचावर, पण नाल्याच्या तोंडाशी असलेल्या इमारतीलाही माझं हेच सांगणं राहील. कंपनीची जोखीम हप्ता जमा झाल्यावर सुरू होते, अर्ज भरल्यावर नाही. त्यामुळे सोसायटीच्या सभेत ठराव आणि चेक दोन्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात व्हायला हवेत.