आंबून झालेल्या बीअरला ऊन लागलं तर

उन्हाळा तापला की घरी बीअर करणारी मंडळी मला एकच प्रश्न विचारतात. यंदा पहिला फोन मंडळातल्या एका पोराचा आला. "ताई, एसी बंद पडला होता. दोन दिवस घर पस्तीसच्या वर. फर्मेंटरमधली (बीअर आंबवायच्या भांड्यातली) बीअर गेली का?"

"यीस्ट टाकून किती दिवस झाले?"

"तीन आठवडे."

"मग निवांत झोप."

अमेरिकेतल्या फीनिक्समध्ये, जिथे मी राहते, ही धास्ती साहजिक आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात इथे सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० फॅरनहाइट, म्हणजे आपलं ४३ सेल्सियस, किंवा त्याहून जास्त होतं. मी नागपूरची, मला त्या आकड्याचं फार अप्रूप नाही. पण बीअरला ऊन, म्हणजे उष्णता, कधी लागलं हे आधी विचारायचं, किती लागलं ते नंतर.

यीस्ट टाकल्यानंतरचे पहिले तीन-चार दिवस फार नाजूक. यीस्टची वाढ जोरात चालू असते आणि साधं एल यीस्ट (एल म्हणजे खोलीच्या तापमानाला आंबणारी बीअर) तेव्हा १८-२० सेल्सियसच्या बरंच वर गेलं की फ्यूजेल अल्कोहोल, म्हणजे जड, जळजळीत अल्कोहोल, आणि नको तेवढे एस्टर, म्हणजे फळांसारखे वास देणारी रसायनं, तयार करतं. अशी बीअर थिनरसारखी घशाला लागते. तिला पुढे कितीही थंड ठेवा, ती सुधारत नाही. तीन आठवड्यांनी मात्र साखर संपलेली असते, यीस्ट तळाशी बसलेलं असतं. हा उद्योग करायला कच्चा मालच उरलेला नसतो. उलट लागर, म्हणजे थंडीत आंबवायची बीअर, करणारे शेवटी शेवटी मुद्दाम तापमान १८ च्या आसपास चढवतात, कारण त्या उबेत यीस्ट डायअसिटिल, म्हणजे तो लोण्यासारखा वास, स्वतःच खाऊन टाकतं. गरम फर्मेंटर तळातल्या यीस्टसकट महिनाभर तसाच ठेवला तर मरणाऱ्या यीस्टची सोया सॉससारखी चव उतरते हे खरं. दोन दिवसांत तसं होत नाही.

त्या पोराला एक गोष्ट मात्र बजावली. बाटलीत गॅस धरावा म्हणून भरताना साखर किती घालायची हे काढताना कॅल्क्युलेटर तापमान विचारतो. तिथे त्या दिवसाचं तापमान टाकायचं नाही, आंबणं संपल्यावर बीअर जास्तीत जास्त जितकी तापली ते टाकायचं. तापलेल्या बीअरमधून कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि नंतर थंड केल्याने तो परत येत नाही. २० सेल्सियसला साधारण ०.८६ व्हॉल्यूम (म्हणजे एक लिटर बीअरमध्ये ०.८६ लिटर) गॅस विरघळलेला राहतो, ३० ला ०.७. वीस लिटरच्या बॅचमध्ये हा दहा-पंधरा ग्रॅम साखरेचा फरक. त्यात बीअर फ्रिजमध्ये गार करून फ्रिजचंच तापमान टाकलं, तर बाटली उघडल्यावर फुस्ससुद्धा होणार नाही.

आंबून झालेल्या बीअरला ऊन खरं भोवतं ते बाटली बंद झाल्यावर. भरताना थोडा ऑक्सिजन आत जातोच. त्यातला काही यीस्ट खातं, उरलेला माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि हॉप्सच्या (बीअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांच्या) मागे लागतो. थंडीत हे काम रेंगाळत चालतं, उन्हात धावत. ब्रूअर लोकांचा ३-३०-३०० चा ठोकताळा आहे: ९० फॅरनहाइटला (३२ सेल्सियस) ३ दिवस, ७२ ला (२२) ३० दिवस, ३८ ला (३) ३०० दिवस, चवीचं नुकसान साधारण तेवढंच.

मी एकाच बॅचच्या काही बाटल्या गॅरेजमध्ये आणि काही फ्रिजमध्ये ठेवून चाखत असते. (नवऱ्याच्या मते हा प्रयोग नव्हे, निमित्त आहे.) पेल एलमध्ये, म्हणजे फिकट रंगाच्या एलमध्ये, आधी जातो हॉप्सचा संत्र्याच्या सालीचा वास. मग मधासारखा गुळमट गोडवा पुढे येतो, कडूपणा बोथट होतो, आणि शेवटी ओल्या पुठ्ठ्याची चव. स्टाउट, म्हणजे भाजक्या माल्टची काळी बीअर, बराच काळ तग धरतो. त्यात मनुकांसारखी, शेरीसारखी चव येते आणि ती मला तर आवडते.

इथे कोणीतरी हमखास सांगतं की आयपीए (इंडिया पेल एल) नाही का, लंडनहून केपला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून मुंबई-कलकत्त्याला यायची? यायची, आणि त्या प्रवासात मुरायचीही. पण ती लाकडी पिंपातली, भरपूर हॉप्सची, महिनोन्महिने मुरण्यासाठीच केलेली बीअर होती. आजची आयपीए ताज्या हॉप्सच्या वासावर जगते.

आणि ते 'थंड बीअर गरम होऊन परत थंड झाली की स्कंकसारखी (उग्र वास सोडणाऱ्या एका अमेरिकी प्राण्यासारखी) घाण मारते' हे सोडून द्या. तो वास हॉप्सवर प्रकाश पडल्याने येतो. तपकिरी बाटली वापरा, खोक्यात ठेवा. खोकं तसंही हवंच, कारण तापलेल्या बाटलीत दाब वाढतो, आणि साखर जास्त पडली असेल तर काच फुटते.

बाटल्या भरल्यावर दोन आठवडे घरातल्या कपाटात, २०-२४ सेल्सियसला, गॅस धरेपर्यंत. त्यानंतर थेट फ्रिज. फ्रिजमध्ये भाजीच्या वर जागा उरत नसेल, तर जून ते सप्टेंबर आयपीएच्या नादी लागू नका. स्टाउट करा.